अकरावी ओळ

हेलेनकांपच्या नळकारखान्यात पितळ ओतणाऱ्याला मान होता, साचे करणाऱ्याला मान होता, शुक्रवारी कँटीनमध्ये कच्च्या किम्याचे पाव कांदा घालून मांडणाऱ्या बाईलाही मान होता. गेरोल्ड वीटहोफला नव्हता. त्याचं कामच असं होतं की नीट झालं तर कुणाला दिसत नाही आणि बिघडलं तर सगळ्यांना एकदम दिसतं. रोज सकाळी साडेसातला तो तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीत जायचा, रात्री सगळ्या फायलींची प्रत उतरवून भरलेली टेप काढायचा, नवी घालायचा, काढलेल्या टेपवर तारीख घालून ती फाटकापाशी पहारेकऱ्याच्या तिजोरीत ठेवून यायचा. अशी एकोणीस वर्षं. समुद्रावर सुट्टीला निघायचं असलं तरी आधी कारखान्यात येऊन टेप बदलायचा, आणि त्याची बायको इर्महिल्ड फाटकाबाहेर गाडीत बसून राहायची.

कंपनीने दोनदा महागडा बॅकअप प्रोग्राम आणला होता, बटणंबिटणं असलेला. दोन्ही वेळा गेरोल्डने तो महिनाभर वापरून बाजूला ठेवला. बटण दाबलं की पडद्यावर हिरवी खूण येते, पण खाली खरंच काय झालं ते कोण सांगणार? त्याचा भरवसा हाताने आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीवर होता. त्याने स्वतः लिहिलेल्या अकरा ओळी होत्या, एका विभागाच्या शेअर्ड फोल्डरसाठी एक ओळ. कुठल्या सर्व्हरवरचा, कुठला फोल्डर, कुठल्या टेपवर, आधीच्या मजकुराच्या पुढे की त्याला पुसून, सगळं त्या ओळीत. नकाशांची पहिली, गोदामाची दुसरी, असं करत शेवटची, अकरावी, कामगार समितीची.

समितीचा अध्यक्ष आन्सगार ड्रेस. तो आणि गेरोल्ड एकाच दिवशी, सोळाव्या वर्षी, शिकाऊ म्हणून कारखान्यात लागले होते. गुरुवारी संध्याकाळी पत्त्यांवर स्काटचा डाव, उन्हाळ्यात नेमबाजी मंडळाच्या जत्रेत हिरवे कोट घालून एकाच रांगेत चालणं, हे सगळं बरोबर. आन्सगार ओतकामातून वर आलेला, आवाज मोठा, छाती मोठी. दर चार वर्षांनी तो निवडून यायचा. २००१ साली तो सर्व्हरच्या खोलीत आला आणि दार लावून उभा राहिला.

"गेरोल्ड, सरळ विचारतो. आमच्या फोल्डरात कोण कोण जाऊ शकतं?"

"समितीचे सात जण. आणि बॅकअपचं खातं."

"ते कुणाचं?"

"कुणाचं नाही. टेपचं."

"टेपला बोटं असतात का रे? ते खातं चालवतं कोण?"

"मी."

"आणि तुला पगार कोण देतं?"

"तुला देतो तोच."

"मी निवडून आलोय, तुला नेमलंय. फरक आहे. राग मानू नकोस, पण समितीचे कागद मालकाने बघायचे नाहीत असा कायदा आहे, आणि खुर्चीच्या हिशेबाने तू मालकाचा माणूस. ते खातं काढून टाक."

"काढलं तर टेपवर काही जाणार नाही."

"नाही तर नाही."

"डिस्क गेली तर?"

"आजवर गेली का?"

ह्या प्रश्नाला जगातल्या कुठल्याच टेपवाल्याकडे उत्तर नसतं. गेरोल्डने आन्सगारकडून तसं लेखी घेतलं, खाली सही घेतली आणि फोल्डरला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या नोंदीत शेवटी एक वाक्य यायला लागलं: दहा पूर्ण, एक वगळला.

तीन आठवडे त्याने ते सोसलं. समितीच्या भानगडींत त्याला काडीचा रस नव्हता, पण तो 'वगळला' शब्द घशाखाली उतरत नव्हता. दहा पोरांवर पांघरूण घालायचं आणि अकरावं उघडं ठेवायचं, असं कुणी आईला सांगितलं तर ती काय करेल? चौथ्या सोमवारी त्याने अकराव्या ओळीच्या शेवटी एक तिरकी रेघ आणि एक अक्षर घातलं. त्या अक्षराचा अर्थ एवढाच की कुलूप असलं तरी बॅकअपच्या हक्काने आत जा आणि जे आहे ते टेपवर घे. मंगळवारी नोंद आली: अकरा पूर्ण. त्या रात्री गेरोल्डला छान झोप लागली.

तो कुणालाच बोलला नाही, आणि तिथेच चुकला. सांगून केलं असतं तर फार तर भांडण झालं असतं. न सांगता केलं, म्हणून त्या कामाला चोरीचं नाव लागलं.

दर तीन महिन्यांनी तो प्रत्येक ओळीतली एखादी फाइल टेपवरून परत आणून उघडून बघायचा. न उघडता ठेवलेली टेप ही नुसती आशा असते, असं तो म्हणायचा. समितीच्या बाबतीत मात्र तो नाव आणि आकार बघून थांबायचा, उघडायचा नाही. फक्त एकदा, २००३ च्या ऑक्टोबरात, एका फाइलचा आकार जुळेना, म्हणून उघडली. दोन सेकंद. पण शंभर माणसांच्या गर्दीतही माणसाला आपलं नाव ऐकू येतं, तसं त्याला ते दिसलं. बैठकीचं इतिवृत्त होतं. 'वीटहोफसमोर जपून बोलावं. मालकाच्या कानाला लागलेला माणूस आहे. – ड्रेस.'

फाइल धड होती. गेरोल्डने ती बंद केली. त्या गुरुवारी तो नेहमीसारखा स्काटला गेला आणि ओळीने तीन डाव हरला.

"लक्ष कुठंय लेका तुझं? पानं बघ, छत बघू नकोस," आन्सगार हसत म्हणाला, आणि त्याने गेरोल्डसाठी बिअर मागवली. गेरोल्डने ती प्यायली. पुढची तीन वर्षं तो दर गुरुवारी त्याच माणसासमोर बसत राहिला. कसा बसला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

२००४ मध्ये समितीला लहान खोली मिळाली. आन्सगारने स्वतः उभं राहून तीस वर्षांचे कागद स्कॅन करून घेतले, फोल्डरात टाकले आणि कागदांचे गठ्ठे कापायच्या यंत्रात घातले. "आता आमची अख्खी समिती एका डिस्कवर मावते," असं तो कँटीनमध्ये अभिमानाने सांगायचा. गेरोल्ड ऐकून पुढे जायचा; त्याला ठाऊक होतं की अकरावी ओळ चालू आहे.

म्हातारा हेलेनकांप वारला, वारसांनी कारखाना विकला, आणि नव्या मालकांनी कर्मचाऱ्यांच्या खात्यावर डॉक्टरेटवाल्या टेसमानबाईंना आणलं. बाई कधी आवाज चढवत नसत. २००६ च्या पेंटेकॉस्टच्या सणाआधीच्या शुक्रवारी त्यांनी समितीपुढे एक यादी ठेवली. एक्केचाळीस नावं, बहुतेक पन्नाशीच्या पुढची, सप्टेंबरात घरी. गेरोल्डचं नाव तीत नव्हतं. टेप कोणीतरी बदलायलाच हवी होती.

आन्सगारने यादी वाचली आणि तो चक्क हसला. १९९८ साली म्हाताऱ्याने समितीशी करार केला होता की पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं काम केलेल्या माणसाला कामकपातीच्या नावाखाली काढायचं नाही.

"असा करार आमच्या दप्तरी नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे असेल तर दाखवा. मी मानते."

"मंगळवारी दाखवतो," आन्सगार म्हणाला. शुक्रवारची दुपार होती आणि पुढे तीन दिवस सुट्टी. लगेच खोलीत जाऊन तो कागद छापायला पाच मिनिटं लागली असती. पण खिशात हुकमाचं पान असलं की माणूस सावकाश चालतो.

त्या तीन दिवसांत सर्व्हरच्या खोलीतलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं. मंगळवारी सकाळी गेरोल्डने दार उघडलं तर आत भट्टी झाली होती, आणि एकमेकींची राखण करायला ठेवलेल्या दोन डिस्का जोडीनेच गेल्या होत्या. दोन दिवस तो काळ्या खिडकीसमोर बसून एकेक ओळ उलटी चालवून टेपवरचं नव्या डिस्कवर आणत राहिला. गुरुवारी दहा फोल्डर जागेवर होते. अकरावा रिकामा.

आन्सगार आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"गेरोल्ड, एखादी जुनी टेप? कुठली पण."

"तूच लिहून दिलं होतंस. दोन हजार एकपासून नाही."

"माझी सही मला दाखवू नकोस!" आन्सगार ओरडला. "एक्केचाळीस माणसं आहेत रे!"

टेप होती. पन्नास पावलांवर पहारेकऱ्याच्या तिजोरीत होती. पण ती दिली की पाच वर्षं मी कुलूप ओलांडून आत जात होतो, हे कबूल करावं लागणार. मग नोकरी जाणार, यात शंका नव्हती. छप्पन्न वर्षांच्या टेपवाल्याला सावरलांडच्या डोंगरात दुसरी नोकरी कोण देणार? आणि सगळ्यांनी त्याच्याबद्दल जे मनात धरलं होतं ते त्याने स्वतःच्या तोंडाने खरं करून दाखवायचं, हा तर हात दाखवून अवलक्षण. टेप तिजोरीतच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्याने त्याला वाळीत टाकलं. दुपारी बाराला जिन्यात, कॉरिडॉरमध्ये, अगदी मुतारीतही भेटेल त्याने भेटेल त्याला 'मालत्साइट', म्हणजे सुखाने जेवा, म्हणायचं, ही तिथली रीत. भांडलेली माणसंसुद्धा ती पाळतात. गेरोल्ड म्हणायचा, समोरून उत्तर येत नव्हतं. कँटीनमध्ये साचेघरातला एक जण मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "काय ती हुशार डिस्क बघा! दहा फोल्डर जिवंत आणि कामगारांचा तेवढा मेला. आणि बदल्यात कुणाचं नाव यादीत नाही, सांगा पाहू?" टेबल हसलं. आन्सगार त्याच टेबलावर होता. तो हसला नाही, पण त्याने हसणाऱ्यांना थांबवलंही नाही.

"मग गप्पच बस," इर्महिल्ड म्हणाली. तिला त्याने सगळं सांगितलं होतं. "तुझं नाव नाही ना यादीत?"

"एक्केचाळीस घरं आहेत, इर्महिल्ड."

"त्यातलं एक तरी घर दुपारी तुला नमस्कार करतं का?"

"नाही."

"मग?"

मोठेपणाचं काही त्याच्या मनात नव्हतं. एकोणीस वर्षं टेप बदलली ती ज्या दिवसासाठी, तो दिवस आला होता, आणि टेप तिजोरीत पडून होती. हे त्याला बघवेना, इतकंच. सोमवारी सकाळी त्याने तिजोरीतून मेची टेप आणली, अकरावी ओळ उलटी चालवली, समितीच्या तीस वर्षांची सीडी केली आणि ती आन्सगारच्या टेबलावर ठेवली.

"करार आहे. त्या दिवसाचं इतिवृत्त आहे. सगळंच आहे."

आन्सगारने सीडी उचलली नाही. "हे कुठून आलं?"

गेरोल्डने सांगितलं. कुलूप, तीन आठवडे, एक अक्षर, पाच वर्षं. आन्सगार ऐकताना हळूहळू लाल होत गेला.

"वाचायचास?"

'नाही' म्हणाला असता तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण गेरोल्डला नोंद खोटी लिहायची सवय नव्हती.

"एक फाइल. आकार चुकत होता म्हणून उघडली. दोन हजार तीन, ऑक्टोबर."

"कुठली?"

"माझं नाव असलेली."

आन्सगार खिडकीकडे बघायला लागला. तेव्हा तो एक शब्द बोलला असता, 'चुकलो' एवढाच, तर गेरोल्डला पुढचं सगळं सोसलं असतं. पण ज्याच्याशी आपण वाईट वागलो त्याला माफ करणं माणसाला सगळ्यात जड जातं. "म्हणजे तीन वर्षं तू माझ्यासमोर पत्ते पिसत होतास, हे पोटात ठेवून," आन्सगार शेवटी म्हणाला, जणू गुन्हा गेरोल्डचाच होता. मग त्याने सीडी उचलून खिशात घातली.

करार वकिलाकडे गेला. म्हाताऱ्याच्या निवृत्त सेक्रेटरीने छापील प्रत बघून सही ओळखली आणि कुठल्या खोलीत, कुणासमोर झाली तेही सांगितलं. पंधरा दिवसांत टेसमानबाईंनी यादी मागे घेतली. ओतशाळेच्या अंगणात बिअरचं पिंप फुटलं, आन्सगारला खांद्यावर घेतलं. गेरोल्डला खिडकीतून दिसलं. खाली ये म्हणून कुणी सांगायला आलं नाही.

त्याच आठवड्यात बाईंनी त्याला बोलावलं. वकिलाच्या कागदात 'बॅकअप टेपवरून प्राप्त' असं लिहिलेलं होतं, आणि बाई वाचताना ओळ गाळत नसत.

"श्री. वीटहोफ, कामगार समितीच्या गोपनीयतेचा तुम्ही पाच वर्षं भंग केलात. हे मी खपवून घेऊ शकत नाही."

"तुम्हाला समितीची एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली?"

"समितीची नाही. कायद्याची." बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हीच आणलेला करार तुम्हाला वाचवेल असं वाटत असेल, तर तसं नाही. तो कामकपातीसाठी आहे, गैरवर्तनासाठी नाही. मला मात्र तुम्हाला काढण्याआधी समितीला विचारावं लागतं. त्यांना आठ दिवस असतात. त्यांनी विरोध नोंदवला तर कोर्टात मला फार अवघड जाईल, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. काहीच बोलले नाहीत तर होकार धरतात."

गेरोल्ड तिथून निघाला तो जवळजवळ हलका होऊन. सात जणांची समिती, सातांपैकी पाचांची नावं त्या यादीत होती. विरोधाचं पत्र म्हणजे चार ओळी. तेवढ्या तर ते लिहितीलच.

सोमवारी आलं नाही. मंगळवारी त्याने मनाशी म्हटलं, बैठक बुधवारी असते. बुधवारी बैठक झाली, दोन तास. गुरुवारी तो स्काटला गेला नाही आणि का आला नाहीस म्हणून फोनही आला नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपली. सोमवारी सकाळी नोकरीवरून काढल्याचं पाकीट टेबलावर होतं. समितीने काहीच कळवलेलं नव्हतं. वाढपी आपलाच असून तो रिकाम्या पानासमोरून निघून गेला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी आन्सगार सर्व्हरच्या खोलीत आला. हातात एक कागद होता, खाली समितीचा शिक्का आणि टेसमानबाईंची सही. ज्या टेपांवर समितीचा मजकूर आहे त्या सगळ्या समितीच्या प्रतिनिधीसमोर पुसाव्यात. अकराव्या ओळीतलं ते अक्षर काढावं. सीडीवरचं सगळं समितीने फोल्डरात परत घातलं होतं आणि सीडी कापायच्या यंत्रात टाकली होती.

"टेपमधून एकच फोल्डर पुसता येत नाही," गेरोल्ड म्हणाला. "पुसायची तर अख्खी."

"बाईंची हरकत नाही. सोमवारपासून बाहेरची कंपनी येतेय, त्यांच्या टेपा त्यांच्या."

गेरोल्ड तिजोरीतून सतरा टेपा घेऊन आला. एकेक घालायची, काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, थांबायचं. आन्सगार स्टुलावर बसून प्रत्येक टेपनंतर कागदावर खूण करत होता. नवव्या टेपला त्याला बोलल्यावाचून राहवेना.

"राग नको धरूस. आम्ही विरोध केला असता तर त्याचा अर्थ झाला असता की आमचे कागद कुणीही वाचावेत. तत्त्वाचा प्रश्न होता. चार विरुद्ध तीन झालं."

"तू कुठे होतास?"

"अध्यक्षाला तत्त्वाबरोबर राहावं लागतं, गेरोल्ड."

"तीन कोण?"

"ते गोपनीय असतं."

गेरोल्डने मान हलवली आणि दहावी टेप घातली. सतरावी बाहेर आल्यावर त्याने अकरा ओळींची फाइल उघडली, शेवटच्या ओळीच्या टोकाला गेला आणि दोनदा मागे पुसलं, आधी अक्षर, मग तिरकी रेघ. आन्सगारने वाकून पडदा बघितला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी बघितला आणि शेवटची खूण केली.

"आन्सगार, निदान एकदा सगळं कागदावर छापून घे."

"महत्त्वाचा कागद वकिलाकडे आहे की."

"मे महिन्यात तो महत्त्वाचा आहे हे ठाऊक होतं तुला? कुठला कागद लागणार ते आधी कळलं असतं तर टेपा लागल्याच कशाला असत्या?"

"आता तू ह्याची काळजी सोड," आन्सगार म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला. चाळीस वर्षांची सवय, गेरोल्डनेही तो हातात घेतला.

दार लागलं. यंत्रांची घरघर चालू होती, आणि त्यातल्या एका डिस्कवर कामगारांची तीस वर्षं उघडी पडली होती, कुठेही प्रत नसलेली. गेरोल्ड उभा राहून जीव कळवळायची वाट बघत होता. कळवळला नाही. डिस्क गेली तर जाऊ दे, असं त्याच्या मनात आलं, अगदी सहज. नोकरी गेल्याचं दुःख त्याला सोमवारी व्हायचं होतं. स्वतःचा तो विचार ऐकून मात्र त्याला तिथेच, रिकाम्या टेपांसमोर, रडू आलं.